स्क्रूटिनीच्या तीन आठवडे आधी

तळेगावच्या पुढे एका माळावर ऑटोक्रॉस होती, म्हणजे आखून दिलेल्या मार्गावर वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा. सकाळचे साडेसात, माझी मारुती एस्टीम रांगेत चौथी. स्क्रूटिनी, म्हणजे स्पर्धेआधीची गाडीची तपासणी, करणाऱ्या काकांनी बॉनेट वर केलं, इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही, दोन बोटं बॅटरीच्या कडेखाली घातली आणि उचललं. बॅटरी इंचभर वर आली. मी ती सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, दोन वेढे देऊन आवळली होती. हाताला घट्ट लागायची. काका म्हणाले, "नऊ-दहा किलोचा दगड आहे हा. गाडी उलटली की ही ट्यूब ताणणार, प्लसचा टर्मिनल बॉनेटला टेकणार, ठिणगी उडणार. त्या वेळी पेट्रोलचा पाइप जागेवर असेलच असं सांगता येईल का तुम्हाला? लोखंडी पट्टी मारून आणा." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. हार्डवेअरचं दुकान उघडेपर्यंत मी शटरसमोर उभा राहिलो, पट्टी आणि दोन लांब बोल्ट घेऊन आलो आणि परत रांगेत लागलो तेव्हा पहिली फेरी संपत आली होती.

त्याला आता चौदा वर्षं झाली. भोसरी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, त्याच्याच एका कोपऱ्यात एस्टीम असते. गेली काही वर्षं सीझनमध्ये दोन-तीनदा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, तपासणाऱ्यांच्या हाताखालीही उभा राहतो. दोन्हीकडून बघून एक मत पक्कं झालंय. गाडी अडकते ती लपलेल्या बिघाडामुळे कमी आणि रोज डोळ्यासमोर असल्यामुळे दिसेनाशा झालेल्या गोष्टीमुळे जास्त. ती ट्यूब मी आठ महिने बघत होतो. घरातला वास घरच्यांना येत नाही.

म्हणून माझ्या तयारीत पान्यापेक्षा मोठं काम आहे ते दुसऱ्याच्या हातांचं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी मी माझी गाडी मित्राच्या ताब्यात देतो आणि त्याची मी घेतो. एकमेकांची गाडी तपासायची आणि मालकाने शेजारी गप्प उभं राहायचं. "ते असंच आहे पहिल्यापासून," असं मालक म्हणाला की ती जागा कागदावर लिहायची. बहुतेक वेळा खोट तिथेच निघते. तीन आठवडे अशासाठी, की सीटचे पट्टे किंवा सीट मागवायची वेळ आली तर हाताशी दिवस राहतात, वेल्डिंग निघालं तर ते नीट होतं, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा सगळं बघायला एक रविवार उरतो. आमच्याकडे पाऊस ओसरला की सीझन सुरू होतो, त्यामुळे मला खंडेनवमीचा हिशेब सोयीचा पडतो. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पुजायची, दसऱ्याला गाडीला हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टँडवर.

आधी कागद

प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक निघतं, सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स. सगळे त्याला एसआर म्हणतात. ते छापून घ्या, मोबाइलवर वाचू नका. तुमच्या क्लासला, म्हणजे गटाला, लागू होणाऱ्या ओळींना पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक ओळीसमोर "आहे", "नाही", "विचारायचं" असं लिहा. विचारायचं ते आयोजकांना आधी विचारा, लेखी विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या परवानगीने होणारी स्पर्धा असेल तर त्यांचं लायसन्स काढायला वेळ धरा.

खाली मी जे आकडे देणार आहे ते एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतले, म्हणजे रॅलीच्या गाडीचे आहेत. रोजच्या गाडीने साध्या क्लासमध्ये उतरणाऱ्याला यातलं निम्मंही लागत नाही. त्याला चांगले ब्रेक, घट्ट चाकं, नीट बांधलेली बॅटरी, शाबूत सीटबेल्ट आणि योग्य हेल्मेट एवढं पुरतं. पण एखादी गोष्ट बसवायचीच ठरली तर ती या मापाची बसवा, म्हणजे पुढच्या वर्षी वरच्या क्लासला जाताना पुन्हा खर्च पडत नाही. एसआर काही वेगळं सांगत असेल तर एसआरचं खरं.

आणखी एक, कारण पुण्यात हे फार बघतोय. केज (आत बसवलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा) लावलेली, सायलेन्सर बदललेली गाडी रस्त्यावरून चालवत स्पर्धेला नेऊ नका, टोइंगवाल्याला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. तुमची विम्याची पॉलिसी काढून वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यातून वगळलेलं असतं. रात्री कात्रजच्या घाटात "सेटिंग बघून येतो" म्हणून जाणारी पोरं मला भेटतात. सेटिंग बघायला स्पर्धेच्या सरावाची फेरी असते. घाटात समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने हेल्मेट घातलेलं नसतं.

चाकं, हातांनी

गाडी आधी खालून धुऊन घ्या. तेलकट चिखलावर नवं लीकेज दिसत नाही. धुऊन, पुसून, इंजिन गरम होईपर्यंत चालवून रात्रभर खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. सकाळी कागद वाचा: काळा-तपकिरी डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा लाल पाणचट कूलंटचा, चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा बुळबुळीत डाग असेल तर तो ब्रेक ऑइलचा. बाकीची कामं मग बाजूला ठेवा, आधी तो.

जॅकवर गाडी उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून झटके द्या. खट्ट वाजलं किंवा हललं, तर आत कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत झटका द्या. हलणं थांबलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगचा आहे. तरीही हलतंय तर बॉल जॉइंट बघा. मग तीन आणि नऊच्या जागी धरा, तिथला प्ले टायरॉड एंडचा किंवा रॅकचा, म्हणजे स्टीअरिंगच्या जोडांचा. स्क्रूटिनिअर हेच करतो, चार चाकांना मिळून दोन मिनिटं लागतात. त्याच्या हाताला जे लागतं ते तीन आठवडे आधी तुमच्या हाताला लागलं पाहिजे.

व्हील नट सगळे हवेत, एकही कमी चालत नाही. अलॉय बसवली असतील तर नटची बैठक रिमच्या बैठकीला जुळते का ते बघा. निमुळत्या बैठकीत सपाट नट लावलेला मी दोनदा पकडलाय. टॉर्क बरोबर येतो आणि दहा मिनिटांनी नट ढिला. टॉर्क रेंच वापरा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आवळून झालं की नटवरून रिमपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करची एक रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटते. ही रेघ मी चाकांवर, सीटच्या बोल्टवर, सस्पेन्शनवर, सगळीकडे मारतो. व्हील कॅप आधीच काढून घरी ठेवा.

टायरवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली म्हणून फसू नका. नाना पेठेतून सेकंड हँड टायर घेताना मी आधी हा कोड वाचतो, मग आतल्या बाजूची भिंत वाकवून भेगा बघतो, मग नक्षी.

स्टीअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवा आणि टायर ब्रेकच्या होजला घासत नाही ना ते बघा, मग दुसऱ्या टोकाला. रुंद टायर बसवलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, होजवर एक चकचकीत पट्टा दिसतो. बदलूनच टाका.

ब्रेक आणि थ्रॉटल

ब्रेक पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर दाबूनच ठेवा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलाय किंवा कुठेतरी गळतंय. स्पंजसारखं लागलं तर हवा आहे. ब्रेक ऑइल दर सीझनला नवं घाला. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ४ चं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर नियमानुसार ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फेरीला, ब्रेक तापल्यावर, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. जुनी अर्धी उरलेली बाटली वापरू नका. मागचे ब्रेकलाइट दोन्ही लागतात का तेही आत्ताच बघा. माळावर येऊन बल्ब शोधत फिरणारे दर वेळी असतात.

थ्रॉटलचं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचं, परीक्षण इंजिन बंद ठेवून. पेडल पूर्ण दाबा, पाय एकदम काढा. खटकन परत आलं पाहिजे, सावकाश नाही. केबलची दोन्ही टोकं बघा, एक तार जरी तुटून वर आली असेल तर केबल बदला. ती एक तार आवरणात अडकते आणि इंजिन पूर्ण वेगाने चालूच राहतं. पेडलवरची एक स्प्रिंग आणि थ्रॉटलवर वेगळी दुसरी, अशा दोन असू द्या. फ्लोअर मॅट काढून टाका, चारही.

पेट्रोलच्या होजला बोटाने दाबून वाकवा. कडक झालाय, भेगा दिसतायत, वास येतोय, यातलं एकही असेल तर नवा. जुन्या गाडीला जास्त जपा, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुनं रबर इथेनॉल सोसत नाही. नवा होज घेताना इथेनॉलला चालणारा मागा. क्लॅम्प दोन्ही टोकांना. केबल टायने बांधलेला पेट्रोलचा पाइप बघितला की मी पुढची तपासणी थांबवतो.

इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, मोकळा सोडला असेल तर त्यातून येणारं तेल धरायला कॅच टँक लागतो, दोन हजार सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा. आतली पातळी दिसली पाहिजे. थंड पेयाची बाटली वायरने बांधून आणतात. ती वितळते.

बॅटरी आणि कट-ऑफ

बॅटरीचं वर सांगितलंच. लोखंडी पट्टी किंवा फ्रेम, दोन्ही बाजूंना बोल्ट, आणि प्लसच्या टर्मिनलवर रबरी टोपी. बॅटरी धरून अख्खी गाडी हलवता आली पाहिजे, एवढी घट्ट. केबिनमध्ये आणली असेल तर सीलबंद ड्राय प्रकारची हवी आणि पेटीत हवी.

कट-ऑफ स्विचवर, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणाऱ्या स्विचवर, माझ्यासमोर सर्वांत जास्त गाड्या अडकल्यात, म्हणून जरा सविस्तर. स्विच बसवला, बंद केला, दिवे गेले, हॉर्न गेला, मालक खूश. स्क्रूटिनिअर म्हणतो, इंजिन चालू करा आणि आता फिरवा. इंजिन चालूच राहतं. कारण साधं आहे: बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर फिरतोय आणि तोच इग्निशनला करंट पुरवतोय. अपघातानंतर स्विच फिरवणाऱ्या मार्शलला, म्हणजे मार्गावर मदतीला उभ्या असलेल्या माणसाला, वाटणार गाडी मेली, आणि पंप पेट्रोल ढकलतच राहणार. दोन टर्मिनलचा साधा स्विच इथे उपयोगाचा नाही. सहा टर्मिनलचा घ्या: दोन जाड बॅटरीचे, दोन बारीक इग्निशन तोडायला आणि दोन बारीक अल्टरनेटरचा उरलेला करंट तीन ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला सोडायला. जोडणी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याच्यासमोर इंजिन चालू ठेवून तीनदा फिरवून बघा, एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही.

पट्टे आवळून बसलेल्या ड्रायव्हरचा हात स्विचला पोचला पाहिजे, आणि बाहेरूनही तो ओढता आला पाहिजे. बाहेर निळा त्रिकोण, पांढरी कड, आत लाल विजेची खूण, पाया किमान १२ सेंटिमीटर. अग्निशामकासाठी पांढऱ्या वर्तुळात लाल ई, व्यास १० सेंटिमीटर. टोइंगचे हुक पुढे-मागे, पिवळे, लाल किंवा नारिंगी रंगवलेले. स्टिकर पाच मिनिटांत होतात, आदल्या रात्रीवर टाका, चालेल.

केज, सीट, पट्टे

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, आणि इथे मी कुणाचं ऐकत नाही.

केजचा पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड, हवा. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. बाकीच्या नळ्या ३८ ला २.५ किंवा ४० ला २. बाजारात ईआरडब्ल्यू पाइप स्वस्त मिळतो आणि रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी वळवून शिवलेला पाइप. कापलेल्या टोकातून आत बोट फिरवलं की बहुधा उभी शिवण लागते. पाइप घेताना बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्याची प्रत गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. टेबलावर ते दाखवलं की अर्धे प्रश्न संपतात.

आता वेल्डिंग. नळी नळीला जिथे मिळते तिथे वेल्ड पूर्ण गोल फिरला पाहिजे, सगळ्या ३६० अंशांत. केज गाडीत ठेवून जोडला की छताकडची बाजू उरते, कारण नळी आणि छताच्या पत्र्यात बोट जाईल एवढीच फट असते. तिथे वेल्डिंगचा टॉर्च शिरत नाही. वेल्डर खालून सुंदर शिवण मारतो, वर काहीच नसतं, वरून रंग. स्क्रूटिनिअर खिशातून दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा काढतो, फटीत सरकवतो, मोबाइलचा दिवा मारतो. आरशात एक काळी रेघ दिसते, नळी नळीवर नुसती टेकलेली. मी पहिल्यांदा तो आरसा स्वतः धरला तेव्हा पोटात गोळा आला. त्या गाडीच्या मालकाने केजवर विश्वास ठेवून दोन सीझन काढले होते.

यावर उपाय आहे, आणि तो कामाच्या क्रमात आहे. मुख्य कमान आणि पुढचे पाय तात्पुरते टाके मारून उभे करायचे, जमिनीवरच्या प्लेट अजून पक्क्या करायच्या नाहीत. पाय जिथे येतात तिथे फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज खाली सोडायचा. आता छत आणि नळ्यांमध्ये वीतभर जागा मिळते. वरचे सगळे जोड गोल वेल्ड करून घ्यायचे, केज उचलून जागेवर आणायचा, भोकांवर प्लेट मारून पाय बसवायचे. एक दिवस जास्त जातो. तुमचा फॅब्रिकेटर हे करायला तयार नसेल तर दुसरा शोधा. पायाखालची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची. बोल्टने बसवत असाल तर प्रत्येक पायाला किमान तीन, एम ८, ग्रेड ८.८. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट केजला नको. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका, घासलेला वेल्ड बघितला की मला आत काय होतं ते विचारावंच लागतं.

नळीला डोकं आपटेल तिथे पॅडिंग हवं, हेल्मेट लागू शकेल तिथे एफआयए ८८५७-२००१ या मानकाचं. एसीच्या पाइपला घालतात तो काळा फोम चालत नाही, तो दबतो आणि पेटतो.

सीट चार ठिकाणी, ८ मिलिमीटरच्या बोल्टने. सीटवर बसून मित्राला मागून दोन्ही हातांनी ओढायला सांगा. हलली तर ब्रॅकेट बारीक आहे. सीटवरचं लेबल वाचा: एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटला उत्पादनापासून पाच वर्षं, ८८६२-२००९ च्या सीटला दहा.

पट्ट्यांचंही तसंच, लेबलवर "यानंतर वैध नाही" अशा अर्थाचं वर्ष छापलेलं असतं. मुदत संपलेले स्वस्तात विकायला येतात, घेऊ नका. ऊन खाल्लेला धागा आतून कमजोर झालेला असतो आणि वरून कळत नाही. मोठ्या अपघातात ताणलेले पट्टेही बाद.

बसवताना बहुतेकांची चूक खांद्याच्या पट्ट्यांत होते. मागे जागा नाही म्हणून ते सीटच्या मागे सरळ खाली फ्लोअरला ओढतात. समोरून धडक बसली की ते पट्टे खांदे खाली दाबतात, आणि सगळा भार मणक्यावर येतो. सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना उतार आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नको, १० अंशांच्या आत असेल तर उत्तम. म्हणून केजमध्ये मागे एक आडवी नळी घालतात. मोबाइलमधल्या लेव्हलने हा कोन दोन मिनिटांत मोजता येतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे, आणि मांडीतला पट्टा त्याला तिथे धरून ठेवतो. फ्लोअरला आय बोल्ट मारला असेल तर खालून ३ मिलिमीटर जाड, ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. एका गाडीखाली मी वाकून बघितलं तर बोल्टला नुसता वॉशर होता, दहा रुपयांच्या नाण्याएवढा. फ्लोअरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. तो मुलगा विशीतला होता, आई-वडील बघायला आलेले. मी गाडी अडवली, तो रागावला, निघून गेला. पुढच्या स्पर्धेला प्लेट मारून आला आणि आधी मलाच बोलावून दाखवली.

पट्टे आवळून, हेल्मेट घालून बाहेर पडायचा सराव घरी करा, स्टॉपवॉच लावून. माझा भाचा कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये होता, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेस कारच्या स्पर्धेत. तिथे ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर यावंच लागतं, शिवाय गाडी टेबलावर ६० अंशांत कलती करून बघतात, एक थेंब गळता कामा नये. पोरं हॉस्टेलच्या मागे रात्र-रात्र सराव करायची. आपल्या क्लासला पाच सेकंदांची अट नसेल, पण पहिल्यांदा मला एकवीस लागले होते, आता आठ लागतात.

हेल्मेट, कपडे, अग्निशामक

हेल्मेटच्या आत, गादीखाली लेबल असतं. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए २०२० मधलं एसए महत्त्वाचं आहे. एम लिहिलेलं हेल्मेट मोटरसायकलचं. एसएची आगीत टिकण्याची आणि केजच्या नळीवर आपटण्याची चाचणी होते, एमची होत नाही. साध्या ऑटोक्रॉसला काही आयोजक आयएसआयचं फुल फेस हेल्मेट चालवून घेतात, एसआर बघा. पडलेलं हेल्मेट वापरू नका आणि ते थिनरने पुसू नका.

अंगावर सुती घाला. पॉलिएस्टरचा टी-शर्ट आगीत वितळून कातडीला चिकटतो. रेस सूट लागत असेल तर त्याचंही लेबल आणि मुदत बघा.

अग्निशामक दोन किलोचा, काटा हिरव्यात, तपासणीची तारीख दोन वर्षांच्या आतली, दोन धातूचे पट्टे, फ्लोअरला बोल्टने. सोबत मिळतं ते भिंतीवरचं पत्र्याचं हूक गाडीत चालत नाही. पावडरचा असेल तर महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, खाली बसून घट्ट झालेली पावडर बाहेर येत नाही.

त्या दिवशी

आदल्या रात्री गाडी रिकामी करा. सीटखाली हात घालून, डिकीचं कार्पेट उचलून. सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, चार्जर, स्टेपनीचा पाना. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढा. मी माझा गणपती गाडी नेणाऱ्या टेम्पोत ड्रायव्हरच्या समोर बसवतो, गाडीत आत छोटा फोटो चिकटवलेला आहे, तो पुरतो. पितळी मूर्ती धडकेत सुटली तर तुमच्याच तोंडावर येते, हे देवालाही नको असेल.

सोबतच्या डब्यात एम ८ आणि एम १० चे ८.८ चे बोल्ट, नायलॉक नट, होज क्लॅम्प, केबल टाय, इन्सुलेशन टेप, एक मीटर पेट्रोल होज, ब्रेकलाइटचे बल्ब, लोखंडी पट्टी, टॉर्क रेंच आणि पेंट मार्कर. फाइलमध्ये लायसन्स, आरसी, एन्ट्रीची पावती, खुणा केलेलं एसआर, पाइपचं सर्टिफिकेट.

पहाटे पाचला निघा. जुन्या मुंबई रस्त्याने जाता जाता उजाडायला लागतं. रांगेत पहिल्या पाचात असाल तर दुरुस्तीला तास-दीड तास मिळतो, शेवटच्या पाचात असाल तर अजिबात नाही. टेबलाशी पोचायच्या आधीच बॉनेट आणि डिकी उघडी ठेवा, हेल्मेट आणि सूट ड्रायव्हरच्या सीटवर लेबल वर करून मांडा. गाडीची माहिती असलेला एकच माणूस उभा राहू दे. विचारलं तेवढंच सांगा. "मागच्या स्पर्धेत चाललं होतं," हे वाक्य कुणाच्याच कामाला येत नाही.

अडवलं तर वाद घालू नका. "काका, नेमकं काय केलं म्हणजे चालेल?" एवढं विचारा, ते कागदावर लिहून घ्या, करून आणा आणि त्याच माणसाला दाखवा. आम्ही उभे असतो ते गाडी जावी म्हणूनच, आणि दुरुस्त करून परत आलेल्याला लवकर घेतो.

तपासणीत पास झाल्याचा स्टिकर लागल्यावर गाडीत काही बदलू नका. फेरीत कुठे आपटली, बंपर सुटला, तर स्वतः जाऊन सांगा, पुन्हा बघून घ्या. आणि पहिली फेरी संपवून आलात की पाणी पिण्याआधी टॉर्क रेंच काढा, चारही चाकांभोवती फिरा. चाकं तापलेली असतील तर दहा मिनिटं थांबा, मग प्रत्येक नटाची पांढरी रेघ जुळते का ते बघा.